मुलांच्या पहिल्या पानाचा उत्सव



गेल्या रविवारी आपला सत्संग संपला आणि चपला शोधता शोधता एका ताईंनी मला विचारले, "काका, पुढच्या रविवारी मुलांचा बारावा अध्याय पूर्ण होतोय. मग पहिला नंबर कोणाचा काढायचा? बक्षीस आणायला हवं ना?" ताईंचा हेतू चांगला होता. लखनौमध्ये राहून आपल्या मुलांच्या तोंडी गीता यावी, उच्चार शुद्ध व्हावेत, यासाठी त्या दर रविवारी कॅन्टोन्मेंटमधून दोन मुलांना स्कूटरवर बसवून तेलीबागेत येतात. तरीही त्यांचा प्रश्न माझ्या मनात आठवडाभर घोळत राहिला. आजचे बोलणे त्या प्रश्नावरच आहे. फक्त उत्तरासाठी मी आपल्याला थोडे लांब घेऊन जाणार आहे. आधी कोकणात जाऊ, मग त्याहूनही दूर.

आपण सगळे रायबरेली रोडवरच्या या तेलीबागेत जमतो. कोणी फौजेत, कोणी पीजीआयमध्ये, कोणी निवृत्त होऊन इथेच राहिलेले. या वस्तीच्या नावात 'तेली' आहे. मी मूळचा रायगड जिल्ह्यातला. त्यामुळे तेली म्हटले की मला दुसरेच तेली आठवतात, आमच्या अलिबागकडचे 'शनिवार तेली'. ही माणसे घाण्यावर तेल गाळायची, पण शनिवारी बैल सोडून द्यायची आणि घाणा बंद ठेवायची. गावाने त्यांना नाव दिले शनिवार तेली. त्यांचे स्वतःचे नाव होते बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे. हे आपले मराठी ज्यू. केहिमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर, अष्टमकर, राजपूरकर ही त्यांची आडनावे. आपल्यासारखीच गावाला 'कर' लावून झालेली.

त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने सगळे नेले, धर्मग्रंथसुद्धा. बंधूंनो, याचा जरा विचार करा. आपल्या घराला आग लागली तर आपण काय वाचवू याचा विचार आपण करतो. इथे वाचवायलाही काही उरले नव्हते. ग्रंथ नाही, गुरू नाही, ती लिपी वाचू शकणारे कोणी नाही. उरले एवढेच: शनिवार पाळायचा, मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, खवले आणि पर नसलेला मासा खायचा नाही, आणि 'शमा' नावाची एक प्रार्थना, ईश्वर एक आहे असे सांगणारी. जन्माला तीच, लग्नाला तीच, मृत्यूलाही तीच. सणांची हिब्रू नावे विसरली, तेव्हा त्यांनी मराठी नावे दिली. प्रायश्चित्ताचा दिवस दार लावून पाळतात म्हणून तो दरफाळणीचा सण. एक खिरीचा सण. एका उपवासानंतर वालाचे बिरडे खायचे म्हणून तो बिरड्याचा रोजा! आपल्या आजीनेच ठेवले असावे असे नाव आहे की नाही?

शेकडो वर्षे या लोकांनी न वाचता धर्म सांभाळला. मग, परंपरेनुसार, डेव्हिड रहाबी नावाचे एक गृहस्थ कोकणात आले. ही माणसे खरेच आपली आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी एका घरातल्या स्त्रियांपुढे तऱ्हतऱ्हेचे मासे ठेवले आणि शिजवायला सांगितले. त्या बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. रहाबींची खात्री पटली. मग त्यांनी काय केले? तीन तरुण निवडले आणि त्यांना शिकवायला बसवले. पुढे या तिघांच्या घराण्यांना काजी म्हणू लागले. मला या गोष्टीत सगळ्यात मोठे वाटते ते हे. परीक्षा बायकांच्या स्वयंपाकघरात झाली, आणि ते उत्तीर्ण झाल्याचे बक्षीस म्हणून मिळाले शिक्षण.

मुंबईत 1796 साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्राएल लोक त्याला मशीदच म्हणत. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलो तर देवाचे घर बांधीन, असा दिवेकरांचा संकल्प होता असे सांगतात. पण देवाचे घर उभे राहिले तरी त्यात पोथी वाचणारी मुले हवीत. ती तयार झाली ती पुढच्या शंभर वर्षांत, आणि मराठीच्या मदतीने. 1832 मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. हेतू धर्मांतराचा होता, हे लपवायचे कारण नाही. पण बेने इस्राएलांनी ते व्याकरण घेतले, शाळेत बसले आणि स्वतःच्याच ग्रंथाकडे परत गेले. ज्याने शिडी दिली त्याला वाटले ही माणसे आपल्या माळ्यावर येतील. ती आपल्या घराच्या माळ्यावर चढली!

पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकर झाले (1834 ते 1905). त्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत आणली. 1874 साली पुण्यात हिब्रू आणि मराठीतला सचित्र हग्गादा छापला गेला. हग्गादा म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री घरात वाचायची पोथी. त्यातल्या चित्रात आपल्याकडच्या वेषातल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर पोळ्या करताना दिसतात. 1880 च्या सुमारास याच समाजाने कीर्तने सुरू केली. अब्राहामाची कथा, योसेफाची कथा, आपल्या नारदीय कीर्तनाच्या थाटात, साकी-दिंडीत. आणि 1875 मध्ये हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. ती पुढे हायस्कूल झाली, सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर तिला त्यांचे नाव मिळाले. माझगावात ती आजही आहे. 1948 नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. आता त्या वर्गांत बहुतेक मुस्लिम मुले शिकतात. एका समाजाने आपल्या लेकरांसाठी लावलेल्या झाडाच्या सावलीत शेजाऱ्याची लेकरे बसली आहेत. केहिमकरांना याचे वाईट वाटले असते असे मला तरी वाटत नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो.

ज्यू लोक मुलांच्या धर्मशिक्षणाचे टप्पे कसे साजरे करतात, हे मी वाचले तेव्हा मी थक्क झालो. जगभरच्या ज्यू प्राथमिक शाळांत साधारण पहिलीत मुलाला त्याचे स्वतःचे प्रार्थनापुस्तक मिळते. त्या दिवशी समारंभ असतो. आया आधीपासून पुस्तकाला कापडी वेष्टण शिवून ठेवतात, त्यावर मुलाचे नाव भरतात. मुलांच्या डोक्यावर कागदी मुकुट असतात, आजी-आजोबा पहिल्या रांगेत असतात. पुढच्या एखाद्या वर्षी दुसरा समारंभ होतो, तो तोराच्या अभ्यासाच्या प्रारंभाचा. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. मूल पहिल्यांदा त्यातले पान उघडते, दोन-तीन ओळी सगळ्यांसमोर वाचते, अर्थ सांगते. मग गाणी आणि खाऊ.

लक्षात घ्या, यात काय साजरे होते. पुस्तक संपले म्हणून नाही, पुस्तक मिळाले म्हणून सोहळा आहे. मुलाने अजून काहीच मिळवलेले नाही! आपल्याकडेही दसऱ्याला पाटीपूजन होते, तांदळात बोट धरून श्री गिरवून घेतात. ती भावना हीच. पण आपले पाटीपूजन एका सकाळी संपते. दुसऱ्या दिवसापासून मुलाला कळते की आता फक्त गुण मोजले जाणार.

मध्ययुगात जर्मनी आणि उत्तर फ्रान्समधल्या ज्यू वस्त्यांत आणखी सुंदर रीत होती. पाच-सहा वर्षांच्या मुलाला शालीत गुंडाळून, कडेवर घेऊन गुरुजींकडे नेत. जणू नवे बाळ देवळात नेतोय. गुरुजी त्याला मांडीवर घेत. समोर पाटीवर अक्षरे लिहिलेली असत. गुरुजी अक्षर वाचत, मूल त्यांच्यामागून म्हणे. मग पाटीवर मध लावत आणि मूल जिभेने तो मध चाटून घेई. अक्षराची पहिली ओळख जिभेला झाली पाहिजे, डोळ्यांना नंतर. आपणही बाळाला सोन्याच्या अंगठीने मध चाटवतो. तिथे तो जन्माला येतो म्हणून, इथे तो अक्षरात जन्माला येतो म्हणून.

जुन्या शाळांत मुलांना पाच ग्रंथांतला तिसरा ग्रंथ आधी शिकवत. त्यात यज्ञबलीचे नियम आहेत, म्हणजे मुलांना सगळ्यात रुक्ष वाटेल तो भाग. का? तर त्यांचे आचार्य सांगत की बली शुद्ध असतो आणि मुलेही शुद्ध असतात, म्हणून शुद्धांनी शुद्धाचे वाचन करावे. तर्क पटो न पटो, दृष्टी बघा. सहा वर्षांच्या मुलाला ते 'अजून समज नसलेला' मानत नाहीत, अधिकारी मानतात. त्यांच्या तल्मूद नावाच्या ग्रंथात रेश लाकिश या आचार्यांच्या नावावर एक विचार आहे: शाळेत पाठ म्हणणाऱ्या मुलांच्या श्वासावर जग टिकून आहे, आणि मंदिर बांधण्यासाठीसुद्धा त्यांचा अभ्यास थांबवू नये. मंदिर उद्ध्वस्त झालेल्या समाजाने हे म्हणावे, यात काय आले ते समजून घ्या. याच ग्रंथात शाळेचा हिशेबही आहे. एका शिक्षकाकडे 25 मुले. 40 झाली तर मदतनीस द्यावा. 50 झाली तर दुसरा शिक्षक नेमावा. श्वासावर जग टिकते म्हणणारी माणसे पटसंख्येचा नियमही करून ठेवतात. भक्तीला हिशेबाचे वावडे नसते. आपल्या बालवर्गात सध्या अकरा मुले आहेत, शिकवणारे आम्ही दोघे. तल्मूदच्या हिशेबाने आपले बरे चालले आहे.

ग्रंथ पूर्ण झाल्यावरही सोहळा असतोच. त्याला सियूम म्हणतात. त्यात एक प्रार्थना म्हणतात, आणि ती देवाला नसते, त्या ग्रंथाला असते. आम्ही तुझ्याकडे परत येऊ, तूही आमच्याकडे परत ये, अशा अर्थाची. वर्षभर दर आठवड्याला एक असे तोराचे 54 भाग वाचतात. शेवटच्या दिवशी, सिम्हात तोरा या सणाला, मोशेच्या मृत्यूचा भाग वाचून होतो आणि त्याच दिवशी, उसंत न घेता, सृष्टीच्या आरंभाचा भाग सुरू करतात. तोराचे शेवटचे अक्षर आणि पहिले अक्षर जोडले की हिब्रूत 'हृदय' असा शब्द होतो. त्याच दिवशी सगळ्या लहान मुलांना एकत्र पुढे बोलावतात आणि त्यांच्या डोक्यांवर एक मोठी शाल मांडवासारखी धरतात. ज्याला वाचता येते तो, ज्याला येत नाही तो, सगळे एकाच शालीखाली.

आता मुख्य गोष्ट. तल्मूदमध्ये अबाये नावाच्या आचार्यांची एक सवय नोंदलेली आहे. कुणा तरुण विद्यार्थ्याने ग्रंथाचा एक खंड पूर्ण केला की ते सगळ्या विद्वानांना मेजवानी देत. खंड विद्यार्थ्याने पूर्ण केला आणि सण गुरूच्या घरी! आपण आयुष्यात काय चांगले केले हे सांगताना अबाये स्वतःची विद्वत्ता सांगत नाहीत, ही मेजवानी सांगतात. आणि आजही एक प्रथा आहे. वल्हांडणाच्या आदल्या दिवशी घरातल्या ज्येष्ठ मुलाने उपवास करायचा असतो. पण त्या सकाळी प्रार्थनामंदिरात कोणी ग्रंथाचा खंड पूर्ण करून सियूम केला आणि हा माणूस त्या आनंदात बसला, तर त्याचा उपवास सुटतो. अभ्यास दुसऱ्याने केला. हा फक्त आनंदात सामील झाला. तेवढ्यावर त्याला जेवायची मुभा मिळते.

ताई, पहिला नंबर काढला की दहा मुलांच्या घरी उपवास घडतो. म्हणून मी आठवडाभर अस्वस्थ होतो.

अस्वस्थ होण्याचे आणखी एक कारण आहे. ते मी आजवर या मंडळीत सांगितले नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याने पंधरावा अध्याय पाठ केला. वीस श्लोक. मी तेव्हा कामावरून रात्री उशिरा यायचो. एका रात्री तो जागा राहिला होता. मी हातपाय धुऊन पाटावर बसलो आणि त्याने भिंतीला पाठ टेकून उभे राहून सगळा अध्याय म्हटला. एक चूक झाली, ती मी दुरुस्त केली. शेवटचा श्लोक झाला. मी म्हणालो, "छान. आता सोळावा कधी?"

त्याने सोळावा केला नाही. सतरावा, अठरावा, काहीच नाही. पोरवय आहे, खेळाकडे ओढ आहे, असे आम्ही म्हणत राहिलो. गेल्या दिवाळीत तो घरी आला होता. आता चाळिशी ओलांडलेला माणूस आहे. बोलता बोलता त्या रात्रीचा विषय निघाला. तो हसत म्हणाला, "बाबा, तुम्ही घास खाली ठेवला असता तरी चाललं असतं." त्याच्या मनात राग नव्हता. त्याने तेवढेच सांगितले आणि चहा करायला उठला. माझ्या मनातून मात्र ते गेलेले नाही. तीस वर्षांपूर्वी मी घास खाली ठेवला नाही!

हे मी का सांगतो? कारण त्या रात्री मला ज्ञानाचे प्रेम नव्हते असे नाही. उलट फार होते. म्हणूनच मी पुढच्या अध्यायाकडे पळालो. आपल्यातले बरेच पालक माझ्यासारखेच असतील. मुलाला श्लोक यावेत असे वाटते, आणि तो श्लोक येतो त्या क्षणी आपण तिथे नसतोच, आपण पुढच्या श्लोकावर असतो. ज्या समाजाच्या पूर्वजांचा ग्रंथ समुद्रात गेला, ज्यांना शेकडो वर्षे एकाच प्रार्थनेवर काढावी लागली, त्यांना एक ओळ पुन्हा वाचता येण्याची किंमत कळली. आपली पोथी कधी बुडाली नाही. ती कपाटात आहे, मोबाइलमध्येही आहे, म्हणून आपण मुलाच्या तोंडून आलेली ओळ ऐकून न ऐकल्यासारखी करतो.

कोणी म्हणेल, स्पर्धा नसेल तर मुले मेहनत करणार नाहीत. हा आक्षेप मी हलका मानत नाही. शाळेत स्पर्धा आहे, भरतीत आहे, त्यात आपली मुले उतरणारच, उतरावीतच. पण वल्हांडणाच्या रात्रीचे पाहा. त्या रात्री हग्गादा वाचताना घरातल्या सर्वांत लहान मुलाने प्रश्न विचारायचे असतात: आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का? मोठ्यांनी उत्तर द्यायचे. म्हणजे लहान मुलाचा पहिला मान उत्तर देण्याचा नाही, प्रश्न विचारण्याचा आहे. त्याने विचारल्याशिवाय मोठ्यांची कथा सुरूच होत नाही. ते मूल त्यासाठी आठवडाभर तयारी करते. तिथे बक्षीस नसते. सगळे घर आपल्यासाठी थांबले आहे, एवढे त्याला पुरते.

आपल्या वर्गातली एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, ती इथेच बसली आहे. बाराव्या अध्यायातल्या एका श्लोकाशी ती दर रविवारी अडखळते. जोडाक्षर येते आणि तिची जीभ थबकते. बाकीची मुले आधी हसायची. आता तीन आठवडे झाले, तो श्लोक आला की शेजारचा मुलगा नुसते ओठ हलवतो, आवाज न करता, आणि ती त्याच्या ओठांकडे बघून पुढे जाते. हे कोणी शिकवले नाही. अबायेंची मेजवानी मला तिथे दिसली.

म्हणून पुढच्या रविवारचे असे ठरवू या. नंबर काढायचा नाही. अकराही मुले एकत्र, वीस श्लोक म्हणतील. जिथे एखादे थांबेल तिथे सगळे थांबतील. श्लोक झाले की प्रत्येकाला त्याची स्वतःची छोटी गीता मिळेल. आयांना विनंती, शक्य असेल तर जुन्या साडीच्या किंवा खणाच्या तुकड्याचे वेष्टण शिवा, मुलाचे नाव भरा. वडिलांनी ड्यूटी असेल तर आधीच बदलून घ्या. आजी-आजोबा पहिल्या रांगेत बसतील. मग प्रत्येक मुलाने आपल्याला न कळलेला एक प्रश्न विचारायचा, आणि मोठ्यांपैकी ज्याला येईल त्याने उत्तर द्यायचे. कोणालाच आले नाही तर तो प्रश्न वहीत लिहून ठेवू आणि पुढच्या वर्षी बारावा अध्याय पुन्हा काढू तेव्हा तिथून सुरुवात करू.

प्रसादाला शिरा करू या, तो इथल्या आपल्या बायकांना छान जमतो. मोठी शाल माझ्याकडे आहे, माझ्या लग्नातली. चार जणांनी चार टोके धरली की अकरा मुले तिच्याखाली बसतील.

आणि त्या दिवशी घरी गेल्यावर कोणीही मुलाला तेरावा अध्याय कधी, असे विचारू नका. निदान संध्याकाळपर्यंत तरी. मुलगा रविवारी येतो म्हणाला आहे, मुंबईची सकाळची फ्लाइट मिळाली तर. मध त्यालाच आणायला सांगितला आहे.